परवान्याची काडतुसं किती दिवसांनी बदलायची? रोखीचा धंदा करणाऱ्यांसाठी एक धडा



मागच्या व्हिडिओत आपण गल्ला मोजणं, रोकड वही आणि बँकेत भरणा हा विषय घेतला होता. आज त्याचाच पुढचा भाग घेऊ. विषय थोडा वेगळा वाटेल, पण सराफी, पेट्रोल पंप, कृषी सेवा केंद्र, वाईन शॉप, अडत असा रोखीचा धंदा करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचून ठेवावा असा आहे.

आधी एक किस्सा सांगतो. माझ्या एका बॅचमध्ये तालुक्याच्या गावचा एक तरुण सराफ होता. वडिलांची पेढी त्याने नुकतीच हातात घेतली होती. धंद्यातल्या जोखमींची यादी करायला सांगितली, तर त्याने रात्री दागिन्यांची बॅग घेऊन घरी जाण्याच्या जोखमीपुढे लिहिलं, "वडिलांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, त्यामुळे काळजी नाही." मी दोनच प्रश्न विचारले. त्यातली काडतुसं कधी घेतलेली आहेत? आणि परवाना कोणाच्या नावावर आहे?

पहिल्याचं उत्तर त्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर होतं, "बाबांच्या." पण रात्री बॅग घेऊन जात होता मुलगा.

नंतर वडील स्वतः परवानगी असलेल्या शूटिंग रेंजवर गेले आणि सिलिंडरमधली सहा काडतुसं उडवून पाहिली. चार उडाली, दोन नुसती टिक करून गप्प बसली. ही सहा काडतुसं किती वर्षं कमरेला होती, हे वडिलांनाही आठवेना. म्हणजे घरातले सगळे ज्या वस्तूच्या भरवशावर निर्धास्त होते, ती एक तृतीयांश बंद पडलेली होती. आणि ज्याला तिची गरज लागणार होती, त्याला ती बाळगायचा हक्कच नव्हता.

मला त्या दोन काडतुसांचं फार नवल वाटलं नाही. त्यांच्या दुकानात चांदीच्या एकेका पैंजणाची नोंद होती, पण काडतुसांची तारीख कुठेच नव्हती, याचं नवल वाटलं. आजचा धडा त्याच तारखेचा आहे.

थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढंच वाचा.

१. शस्त्रात भरलेली आणि अंगावर बाळगलेली काडतुसं वर्षातून एकदा बदला.
२. कोकणात, मुंबईत किंवा कुठल्याही दमट हवेत राहत असाल, किंवा घामाघूम होणारं काम असेल, तर सहा महिन्यांनी बदला.
३. भिजलं, तेलात बुडालं, खाली पडून चेपलं, हिरवं पडलं, तर तारीख बघत बसू नका. ते काडतूस त्याच दिवशी बाजूला काढा.
४. डबाबंद, कोरड्या आणि थंड जागी ठेवलेली काडतुसं वर्षानुवर्षं टिकतात. पण त्यांच्यावरही खरेदीची तारीख हवी आणि जुनी आधी वापरली गेली पाहिजेत.

आता हे असं का, ते समजून घेऊ. कारण कळलं की तारीख आपोआप पाळली जाते.

आधी एक पायरी मागे: शस्त्राची गरज आहे का?

माझं मत स्पष्ट आहे. नव्या उद्योजकाने आधी रोकड कमी करावी, मग शस्त्राचा विचार करावा. यूपीआय आणि कार्ड वाढवा. दिवसातून एकदाऐवजी दोनदा भरणा करा. जाण्याची वेळ आणि रस्ता बदलत ठेवा. दोघे मिळून जा. तिजोरी आणि कॅमेरे चांगले घ्या, विमा घ्या. बॅगेत ऐवज जितका कमी, तितकी भीती कमी. आणि कोणी बॅग हिसकावलीच, तर बॅग जाऊ द्या. मालाचा विमा असतो, माणूस गेला तर परत येत नाही.

हे सगळं करूनही ज्यांच्या जिवाला खरा धोका आहे, त्यांच्यासाठी शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवान्याची सोय आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त यांच्याकडे अर्ज जातो. अर्जदाराचं वय किमान २१ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली.

लक्षात ठेवा, परवाना माणसाचा असतो. पेढीचा नसतो, कुटुंबाचा तर अजिबात नसतो. वडिलांचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून मुलगा निघाला, तर तो कायद्याच्या नजरेत विनापरवाना शस्त्र बाळगणारा आहे. धंद्याचा वारसा मिळाला म्हणून परवान्याचा वारसा आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आमच्या त्या सराफ मित्राने पहिलं काम हेच केलं. रिव्हॉल्व्हर घरी ठेवलं आणि अर्जाची चौकशी सुरू केली.

काडतुसात असतं काय आणि बिघडतं काय?

काडतूस म्हणजे चार भाग. बाहेरची पितळेची पुंगळी. तिच्या बुडाशी बसवलेला छोटा प्रायमर, ज्यावर ठोका बसला की ठिणगी पडते. आत बंदुकीची दारू. आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बारा बोअरच्या काडतुसात पुंगळी बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते, बूड धातूचं, आणि गोळीऐवजी छर्रे.

आपल्याकडे नागरी परवान्यावरची पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरची आणि बारा बोअरची बरीच काडतुसं पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्यात बनलेली असतात. पितळेच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरं दिसली, की ते खडकीचं काडतूस. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला.

नवीन काडतूस कारखान्यातून येतं तेव्हा प्रायमरच्या आणि गोळीच्या कडेने हवा-पाणी आत जाऊ नये असं घट्ट बसवलेलं असतं. बंद डब्यात, कोरड्या कपाटात ते स्वस्थ पडून राहतं. जगभरातले उत्पादक नीट साठवलेल्या काडतुसासाठी साधारण दहा वर्षांची गोष्ट करतात आणि प्रत्यक्षात त्याहून जुनी काडतुसंही उडतात.

मग वर्षाला बदला असं का सांगतोय? कारण कपाटातलं काडतूस आणि कमरेचं काडतूस यांचं आयुष्य सारखं नसतं. गोदामातलं पोतं आणि काउंटरवर उघडून ठेवलेलं पोतं, दोन्हींत एकच तांदूळ. पण पावसाळ्यात कशाला आधी पोरकिडे लागतात, ते किराणा दुकानदाराला सांगावं लागत नाही. तसंच हे आहे.

कमरेच्या काडतुसाचे सहा शत्रू

१. घाम आणि दमट हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते. तीच हवा काडतुसाला लागते, शिवाय अंगाचा घाम. पितळ काळवंडतं, मग हिरवट डाग पडतात. नुसतं काळवंडलेलं चालू शकतं, पण हिरवा थर आला, खड्डे पडले, तर पुंगळी कमकुवत झाली असं समजा.

२. तेल. ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि तीही काळजी घेणाऱ्या माणसाकडून. दसऱ्याला शस्त्रपूजा असते. आदल्या दिवशी रिव्हॉल्व्हर पुसून त्यावर भरपूर तेल मारायचं, तसंच ओलं असताना काडतुसं भरायची आणि कपाटात ठेवून द्यायची. गंज सोडवणारं पातळ तेल बारीक फटीतून आत शिरायलाच बनवलेलं असतं. ते प्रायमरच्या कडेने आत गेलं, तर ठिणगी मरते. तेल शस्त्राला द्या, हलकंसं द्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच काडतुसं भरा. काडतुसाला तेलाचं बोटही लावू नका.

३. उष्णता. गाडीच्या डॅशबोर्डचा कप्पा विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात भट्टी होतो. रोज तापणं आणि रोज निवणं, यात दारू लवकर जुनी होते. गाडीत शस्त्र किंवा काडतुसं ठेवून जाणं सुरक्षेच्या दृष्टीनेही चूकच, कारण गाडी फुटली तर शस्त्र चोराच्या हातात.

४. चामडं. काडतुसांचा चामड्याचा पट्टा दिसायला रुबाबदार असतो. पण चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि हवेतला ओलावा मिळून पितळेवर हिरवा चिकट थर चढवतात. पट्टा फक्त नेण्यापुरता वापरा, साठवण्यासाठी नाही. बँकेबाहेर बसलेल्या रखवालदाराच्या पट्ट्यातली काडतुसं कधी जवळून बघा, मी काय म्हणतोय ते कळेल.

५. अमोनिया. याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश फौजेच्या काळात पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावायच्या आणि दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यात ठेवला जायचा. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडल्या की बऱ्याच पुंगळ्यांना तडे गेलेले दिसायचे. ऋतूनुसार पडणारे म्हणून त्यांना 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. कारण कळलं ते १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवलं, की घोड्यांच्या मुतातला अमोनिया पितळेला तडे पाडतो, कारण पुंगळी ओढून बनवताना धातूत ताण राहिलेला असतो. आपल्यासाठी धडा सरळ आहे. काडतुसांचा डबा गोठ्याजवळ नको, खताच्या गोदामात नको. कृषी सेवा केंद्रवाल्या मित्रांनी इथे खूण करून ठेवा. आणि पितळ चकचकीत करायचं पॉलिश काडतुसाला कधीही लावू नका, त्यातही बऱ्याचदा अमोनिया असतो.

६. रोजचं भरणं आणि काढणं. हा शत्रू पिस्तुलाचा, म्हणजे मॅगझिनवाल्या शस्त्राचा. सकाळी दुकानात जाताना भरायचं, रात्री घरी आल्यावर रिकामं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच वरचं काडतूस परत चेंबरमध्ये. प्रत्येक वेळी गोळीचं टोक आत जाताना आपटतं. महिनोनमहिने तेच काडतूस वापरलं, तर गोळी पुंगळीत थोडी थोडी मागे सरकते. आतली जागा कमी झाली की उडताना दाब वाढतो. म्हणजे नुसतं न उडण्याचा धोका नाही, शस्त्र फुटून हाताला इजा होण्याचा धोका आहे. उपाय सोपा आहे. वरचं काडतूस फिरवत राहा आणि नवीन काडतुसाशेजारी उभं करून उंची बघा. किंचितही बुटकं दिसलं, तर बाजूला. रिव्हॉल्व्हरमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे काडतूस हाताने सरळ खाचेत बसतं.

कोणी कधी बदलायचं?

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे हा प्रश्न तिथे नेहमी चर्चेत असतो. तिथल्या अनेक पोलीस दलांची पद्धत अशी, की वर्षाच्या नेमबाजी चाचणीत अंगावरची जुनी काडतुसं उडवायची आणि नवी घ्यायची. बाळगणारे नागरिकही साधारण सहा महिने ते वर्ष हाच हिशोब धरतात. आपण पद्धत तीच घेऊ, फक्त आपली हवा आणि आपला कायदा लक्षात घेऊन.

रिव्हॉल्व्हर: वर्षाला एकदा. किनारपट्टीवर सहा महिन्यांनी, म्हणजे पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा.

पिस्तूल: सहा महिन्यांनी सगळी. रोज भरत-काढत असाल, तर वरचं काडतूस दर आठवड्याला फिरवा आणि दर महिन्याला उंची तपासा.

बारा बोअर: वर्षाला एकदा. नळीत एकामागे एक भरून ठेवायची बंदूक असेल, तर तिथे काडतुसं महिनोनमहिने दाबून ठेवू नका. स्प्रिंगच्या दाबाने प्लॅस्टिकची पुंगळी चेपते आणि ऐन वेळी अडकते. पुंगळी फुगलेली किंवा वाकडी वाटली, तर ती बाद.

पेपर स्प्रे: बहुतेक वाचकांकडे शस्त्र नसेल, पण पर्समध्ये हा डबा असेल. त्यालाही वय असतं. डब्यावर तारीख छापलेली असते, ती पाळा. तिखट लवकर मरत नाही, पण आतला दाब हळूहळू निसटतो आणि ऐन वेळी फवाऱ्याऐवजी नुसते थेंब पडतात. घेतल्यावर मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून एक छोटा फवारा मारून बघा. गाडीच्या उन्हात ठेवू नका.

तारीख लक्षात राहत नाही अशी तक्रार असते. म्हणून ती एखाद्या सणाला बांधा. दसऱ्याला शस्त्र बाहेर काढून पुसलं जातंच. त्याच दिवशी काडतुसं बदला. पाऊस नुकताच संपलेला असतो, म्हणजे वेळही बरोबर साधते. तसंच आचारसंहितेच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. ते परत मिळालं की काडतुसं तपासल्याशिवाय भरू नका.

मर्यादा आणि हिशोब: इथेच लोक अडकतात

काडतूस म्हणजे बिस्किटाचा पुडा नाही, वाटेल तितका आणायला. एका वेळी किती जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, हे तुमच्या परवान्यावर लिहिलेलं असतं. खरेदी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच, आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. म्हणून बदलायचं नियोजन आधी कागदावर करा.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या परवान्यावर एका वेळी २५ आणि वर्षाला २५ अशी मर्यादा आहे. रिव्हॉल्व्हर सहा काडतुसांचं. सहा भरलेली, सहा राखीव, म्हणजे जवळ १२. दसऱ्याच्या आधी तुम्ही १२ नवी घेतलीत. आता जवळ २४ झाली, मर्यादेच्या आत. नवी १२ वापरात घेतली आणि जुनी १२ रेंजवर सरावाला उडवली. जवळ परत १२ राहिली. वर्षाच्या २५ पैकी १३ अजून शिल्लक, ती पुढच्या सरावाला. म्हणजे बदलण्याचा खर्च आणि सरावाचा खर्च असे दोन खर्च नाहीतच. एकाच पैशात दोन्ही कामं झाली.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवी घ्या, मग जुनी उडवा. उलटं केलंत आणि विक्रेत्याकडे माल नसला, तर हातात काहीच उरणार नाही. आणि मर्यादा इतकी कमी असेल की दोन्ही एका वेळी बसत नाहीत, तर निम्मी निम्मी बदला.

यासाठी एक साधी वही ठेवा. पाच रकाने पुरतात: खरेदीची तारीख, पावती क्रमांक, डब्यावरचा लॉट नंबर, किती आली, किती गेली आणि कुठे. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळीही कचऱ्यात टाकू नका, मोजून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी कोणी हिशोब विचारला, तर वही आणि पुंगळ्या समोर ठेवता आल्या पाहिजेत. जीएसटीचं रिटर्न वेळेवर भरणाऱ्या माणसाला हे अजिबात जड नाही.

साठवण कशी? मूळ डब्यातच ठेवा, म्हणजे लॉट नंबर सोबत राहतो. तो डबा हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. वरती मार्करने मोठी तारीख. शस्त्र आणि राखीव काडतुसं वेगवेगळ्या कुलपात. घरात मुलं असतील तर यावर चर्चाच नाही. आणि किराणा दुकानाचा नियम इथेही लावा: नवा माल मागे, जुना माल पुढे.

जुनी काडतुसं: काय करायचं आणि काय नाही

करायचं एकच. परवानगी असलेल्या रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखाली ती उडवायची. हिरवी पडलेली, तडा गेलेली, चेपलेली किंवा बुटकी झालेली काडतुसं मात्र उडवू नका. ती वेगळ्या डब्यात ठेवून शस्त्रविक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारा आणि सांगतील तशी जमा करा. वहीत नोंद करा.

काय नाही करायचं? शेतात जाऊन उडवायची नाहीत. दिवाळीला, लग्नाच्या वरातीत, पोरगा झाला म्हणून हवेत तर नाहीच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, इतरांचा जीव धोक्यात येईल अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कचऱ्यात टाकायची नाहीत, विहिरीत टाकायची नाहीत, मित्राला द्यायची नाहीत. उघडून दारू काढायचा उद्योग तर स्वप्नातही नको.

रेंजवर दोन गोष्टी पाठ करून जा. पहिली: चाप ओढला आणि नुसती टिक झाली, तर लगेच उघडून बघू नका. नळी समोर निशाण्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा. कधी कधी काडतूस उशिरा उडतं. दुसरी: नेहमीपेक्षा दबका, फुसका आवाज आला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. वर दुसरी मारली तर नळी फुटेल. शस्त्र खाली ठेवा आणि प्रशिक्षकाला हाक मारा.

तुमच्याकडे शस्त्र नाही, रखवालदाराकडे आहे?

पेट्रोल पंप आणि पतसंस्थावाल्या मित्रांसाठी हा भाग. सुरक्षा एजन्सीकडून सशस्त्र रखवालदार घेताना आपण महिन्याचा दर विचारतो आणि थांबतो. यापुढे अजून चार गोष्टी विचारा. एजन्सीकडे २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे का? बंदुकीचा परवाना कोणाच्या नावावर आहे आणि तो आपल्या जिल्ह्यात चालतो का? काडतुसं कधी घेतली आहेत, पावती दाखवा. आणि या माणसाने शेवटचा सराव कधी केला? शेवटच्या प्रश्नाला समोरचा हसला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. ही चार उत्तरं करारात लिहून घ्या, आणि काडतुसं वर्षाला बदलण्याची अटही घाला.

यातून धंद्याचा धडा काय?

प्रत्येक धंद्यात अशा काही वस्तू असतात, ज्या रोज दिसतात पण रोज वापरल्या जात नाहीत. आग विझवायचा सिलिंडर, प्रथमोपचार पेटी, इन्व्हर्टरची बॅटरी, बॅकअपची हार्ड डिस्क, विम्याची पॉलिसी. वापरल्या जाणाऱ्या वस्तू बिघडल्या की ओरडतात. फ्रीज बंद पडला की तासाभरात कळतं. राखीव वस्तू मात्र गपचूप मरतात आणि ज्या दिवशी हाक मारतो, त्याच दिवशी कळतं.

म्हणून राखीव वस्तूचा खर्च खरेदीच्या दिवशी संपत नाही. तिचं बदलणं हा दरवर्षीचा खर्च आहे आणि तो भाडं-वीजबिलासारखा अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. तुमच्या विक्रेत्याचा आजचा भाव गुणिले बदलायची संख्या, अधिक रेंजची फी, भागिले १२. तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळी काढा. तो आकडा जड वाटत असेल, तर शस्त्र ठेवणंच तुम्हाला परवडत नाही असं समजा. तेच पैसे तिजोरी आणि विम्यावर लावा. त्यात काहीही कमीपणा नाही.

आमच्या सराफ मित्राने शेवटी काय केलं? वडिलांनी बारा नवी काडतुसं घेतली, तारखेची चिठ्ठी लावली, वही सुरू केली. मुलाचा अर्ज अजून प्रक्रियेत आहे. पण त्याने मधल्या काळात रात्री बॅग घरी नेणंच बंद केलं. दुकानात चांगली तिजोरी बसवली आणि विमा वाढवला. परवा फोनवर म्हणाला, "सर, आता परवाना मिळाला काय, नाही मिळाला काय, झोप लागते." मला वाटतं, सुरक्षेचं खरं माप तेच.

आजचा गृहपाठ

१. शस्त्र असेल तर आज रात्री शांतपणे, मुलं झोपल्यावर, नळी सुरक्षित दिशेला धरून ते रिकामं करा. प्रत्येक काडतूस उजेडात बघा: हिरवं, तडा, चेप, उंची, तेल.
२. खरेदीची पावती शोधा. सापडली नाही तर ती काडतुसं जुनी समजा आणि बदलायच्या यादीत टाका.
३. परवाना काढून तीन गोष्टी वाचा: नाव, मुदत, काडतुसांची मर्यादा.
४. पाच रकान्यांची वही सुरू करा आणि पुढच्या दसऱ्याची तारीख तिच्या पहिल्या पानावर लिहा.
५. शस्त्र नसेल तर दुकानातल्या पाच राखीव वस्तू लिहा आणि प्रत्येकीसमोर शेवटची तपासणी कधी झाली ते लिहा. जिथे तारीख आठवत नाही, तिथून उद्या सकाळी सुरुवात करा.

पुढच्या भागात आपण दुकानाचा विमा घेऊ: कोणत्या रकान्यात काय भरायचं आणि दावा कशामुळे अडकतो. वही-पेन घेऊन बसा.

भेटू लवकरच. धंदा वाढवा, पण आधी सुखरूप घरी या!